दहावीनंतर मेडिकलचं ठरवताय? अर्जाआधीची दोन वर्षं अशी वापरा

दहावी झालेली, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेऊन पुढं एमबीबीएसला जायचं ठरवलेली मुलं-मुली आणि त्यांचे पालक यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यातही ज्यांच्या घरात आजवर कुणी डॉक्टर झालेलं नाही, शाळा मराठी माध्यमाची आहे आणि ‘नीट’ (मेडिकलची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) म्हणजे नक्की काय हे शेजारपाजारच्या सांगण्यावरूनच कळतंय, त्यांनी सवडीनं वाचावं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, बारावी राज्य मंडळातून केली, एक वर्ष रिपीट केलं आणि सरकारी मेडिकल कॉलेजात लागले. सध्या इंटर्नशिप चालू आहे.

नीटची तयारी म्हणजे मे महिन्यातल्या त्या तीन तासांची तयारी, असं बहुतेक घरांत धरून चालतात. पण समजून, मन लावून केलेला अभ्यास एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या तीनही विषयांत कामी येतो. आमच्या बॅचमध्ये पहिले सहा महिने कोण टिकलं आणि कोण गांगरलं, यात नीटच्या मार्कांपेक्षा अकरावी-बारावीत वाचायची सवय कशी लागली होती याचा वाटा मोठा होता. म्हणून तयारी नीटसाठीच करा, पण अशी करा की ती कॉलेजातही पुरेल.

१. आधी दवाखाना जवळून पाहा

एमबीबीएस साडेचार वर्षांचं, त्यावर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून बाहेर पडल्यावर एक वर्षाची बंधपत्रित (बाँडची) सेवा असते. त्यानंतर एमडी-एमएससाठी पुन्हा प्रवेश परीक्षा. म्हणजे अठराव्या वर्षी लागलेला मुलगा स्पेशालिस्ट होईपर्यंत तिशीच्या जवळ जातो. हे घरात सगळ्यांना आधी माहीत असू द्या.

दहावीच्या सुट्टीत जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. दोन-तीन दिवस ओपीडीत एका कडेला बसायची परवानगी मागा. फोटो काढू नका, पेशंटचं नाव बाहेर सांगू नका. केसपेपरची रांग, चिडलेले नातेवाईक, ड्रेसिंगचा वास, एकाच दिवशी शंभर वेळा विचारलेला ‘किती दिवसांपासून त्रास आहे?’ हा प्रश्न, हे सगळं बघून जर मन म्हणालं की हे काम मला जमेल, तर पुढची दोन वर्षं अभ्यासाला बसणं सोपं जातं. आणि नकोसं वाटलं तर तेही लवकर कळलेलं बरं. आईवडिलांची हौस हे कारण बारावीच्या डिसेंबरपर्यंतसुद्धा पुरत नाही, हे मी होस्टेलवर कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलंय.

२. दहावीच्या सुट्टीत इंग्रजी शब्दांची सोय लावा

सेमी इंग्रजीतून आलेल्यांना हा टप्पा हलका जातो. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्यांना अकरावीच्या पहिल्याच महिन्यात धडकी भरते ती विषयामुळे नव्हे. पेशी, ऊती, केंद्रक, विकर, संप्रेरक हे सगळं त्यांना येत असतं, पण वर्गात सेल, टिश्यू, न्यूक्लिअस, एन्झाइम, हार्मोन असं चालू असतं. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी हे जुळेपर्यंत दोन धडे पुढं गेलेले असतात.

यावर उपाय स्वस्त आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत फुकट मिळतात. दोन्ही शेजारी ठेवा, एकच धडा आधी मराठीत वाचा, लगेच इंग्रजीत वाचा. विषय ठाऊक असल्यानं इंग्रजी वाक्य आपोआप उलगडतं. नवा शब्द वहीत लिहिताना नुसता अर्थ लिहू नका, ज्या वाक्यात आला ते वाक्य उतरवा.

प्रश्नाची इंग्रजी वेगळी शिकावी लागते. ‘इनकरेक्ट’ विधान कोणतं, ‘एक्सेप्ट’ म्हणजे कोणतं सोडून, असर्शन-रीझन प्रकारात दुसरं विधान पहिल्याचं कारण आहे का नुसतंच खरं आहे, अशा शब्दांवर मार्क जातात. हे शब्द दिसले की पेननं गोल करायची सवय अकरावीपासून लावा.

नीटचा पेपर मराठीतही मिळतो, आणि त्यात इंग्रजी मजकूर सोबत असतो. दोन्हींत फरक आढळला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. अकरावी-बारावी इंग्रजीत केलेल्यांनी पेपर इंग्रजीच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दोन वर्षांनी ‘आंतर्द्रव्यजालिका’ (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम) वाचून अडखळायला होतं. पुढं एमबीबीएसची पुस्तकं आणि तोंडी परीक्षा इंग्रजीतच असतात, त्यामुळं ही मेहनत वाया जात नाही.

३. गणित सोडलंत तरी इतकं गणित लागतंच

पीसीबी घेतलं म्हणजे गणितातून सुटका झाली असं मानू नका. फिजिक्सचे ४५ प्रश्न कॅल्क्युलेटरशिवाय सोडवायचे असतात. त्रिकोणमितीची मूल्यं, सदिशांची बेरीज आणि गुणाकार, लॉगॅरिदम, आलेखाचा चढ, साधं डिफरन्शिएशन आणि इंटिग्रेशन, एवढं सुट्टीत किंवा अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत पक्कं करा. केमिस्ट्रीत पीएच काढायला लॉग लागतो. लॉग २ म्हणजे ०.३०१, लॉग ३ म्हणजे ०.४७७ आणि २ चं वर्गमूळ १.४१४ हे तोंडपाठ हवं. गणिताचे शिक्षक ओळखीचे असतील तर याच कामासाठी त्यांचे पंधरा-वीस तास मागून घ्या.

४. बोर्डाचं पुस्तक आणि एनसीईआरटी यांचा मेळ घाला

राज्य मंडळाच्या मुलांची सर्वांत जास्त ओढाताण इथं होते, आणि याबद्दल कुणी आधी सांगत नाही.

नीटचा अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो. २०२४ च्या परीक्षेपासून तो कमी झाला आणि तो एनसीईआरटीच्या (सीबीएसईच्या शाळांत चालणाऱ्या) नव्या पुस्तकांशी बराच जुळतो. आपल्या मंडळाची पुस्तकं वेगळी आहेत. विषय तेच असले तरी क्रम वेगळा आहे. रोटेशनल डायनॅमिक्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स हे धडे मंडळाच्या बारावीच्या फिजिक्समध्ये येतात. एनसीईआरटीत तोच भाग अकरावीत आहे. केमिस्ट्रीत आयोनिक इक्विलिब्रियाचंही तसंच. क्लास एनसीईआरटीच्या क्रमानं शिकवत असेल आणि कॉलेज मंडळाच्या क्रमानं, तर एकाच आठवड्यात मुलाला दोन वर्षांचे धडे समोर दिसतात आणि आपण मागं पडलो असं वाटायला लागतं. तसं नसतं, पुस्तकांचे क्रम वेगळे असतात एवढंच.

काही धडे एकीकडे आहेत, दुसरीकडे नाहीत. सॉलिड स्टेट हा मंडळाच्या बारावी केमिस्ट्रीचा पहिलाच धडा, नीटच्या सध्याच्या अभ्यासक्रमात तो नाही. पॉलिमरचंही तेच. त्यामुळं अकरावी सुरू होतानाच हे करा: आयोगाचा अभ्यासक्रम डाउनलोड करून छापा, दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवा आणि प्रत्येक धड्यापुढं खूण करा. दोन्हीकडे असलेला, फक्त नीटचा, फक्त बोर्डाचा. ‘फक्त बोर्डाचा’ भाग बारावीच्या दिवाळीनंतर लेखी परीक्षेपुरता करायचा. ‘दोन्हीकडे असलेला’ भाग आधी एनसीईआरटीतून वाचायचा आणि मग मंडळाच्या पुस्तकातून उत्तर कसं लिहायचं ते बघायचं.

एक सावधगिरी. जुन्या गाइडमध्ये आणि जुन्या व्हिडिओंत काढून टाकलेले धडे अजून आहेत. पेपरचं स्वरूपही बदललंय. मधली काही वर्षं ‘सेक्शन बी’मध्ये १५ पैकी १० प्रश्न निवडायची सोय होती, २०२५ पासून ती गेली. आता १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४, चुकीला १ वजा. कुणाकडून सेकंडहँड पुस्तक घेताना वर्ष बघून घ्या.

बोर्डाला कमी लेखू नका. अर्जासाठी बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात, आणि इंग्रजीत पास असावं लागतं. प्रत्येक विषयात ३० मार्क प्रात्यक्षिकाचे आहेत. मायक्रोस्कोप फोकस करणं, टायट्रेशनचा एंड पॉइंट ओळखणं हे ज्यांनी बारावीत हातानं केलं होतं, ते पहिल्या वर्षाच्या हिस्टॉलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहज वावरत होते.

५. बायोलॉजी कसं वाचायचं, एका परिच्छेदावर दाखवते

९० प्रश्न, म्हणजे ३६० मार्क, निम्मा पेपर. ‘एनसीईआरटी पाठ करा’ असं सगळे सांगतात, पण कसं ते कुणी सांगत नाही.

अकरावीच्या पुस्तकात रक्ताभिसरणाच्या धड्यात हृदयाच्या चक्राचा परिच्छेद आहे. त्यात येतं की हृदय मिनिटाला सरासरी ७२ वेळा आकुंचन पावतं, एका चक्राला ०.८ सेकंद लागतात, प्रत्येक व्हेंट्रिकल एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. याला स्ट्रोक व्हॉल्यूम म्हणतात. स्ट्रोक व्हॉल्यूम गुणिले ठोके म्हणजे कार्डिॲक आउटपुट, साधारण ५ लिटर.

हे चार आकडे पाठ करून पुढं गेलात तर आकड्याचा थेट प्रश्न सुटेल, फिरवून विचारलेला सुटणार नाही. पुस्तक मिटा आणि स्वतःला विचारा. ६० भागिले ७२ केलं तर खरंच ०.८ च्या आसपास येतं का? (०.८३ येतं, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांना धरून आहेत.) ७० गुणिले ७२ किती? ५०४०, म्हणून ‘साधारण ५ लिटर’. भरलेल्या व्हेंट्रिकलमध्ये १२० मिलिलिटर होतं आणि आकुंचनानंतर ५० उरलं, तर स्ट्रोक व्हॉल्यूम किती? डावं व्हेंट्रिकल मिनिटाला ५ लिटर टाकत असेल तर उजवं किती टाकत असेल? तेवढंच, नाहीतर फुप्फुसात रक्त साचत जाईल. इथं थांबून विचार केलात तर तुम्ही नकळत हार्ट फेल्युअरमध्ये धाप का लागते या प्रश्नापाशी आलेले असता. पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीची तोंडी परीक्षा नेमकी अशीच चालते, आणि पुढं वॉर्डात पेशंट समोर असतानाही हाच विचार करावा लागतो.

म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक परिच्छेदानंतर पुस्तक मिटून तीन प्रश्न स्वतः तयार करा. एक आकड्याचा, एक ‘का’चा, एक ‘हे बिघडलं तर काय’चा. वेग कमी होतो, सुरुवातीला दिवसाला सहा-सात पानंच होतात. होऊ द्या. आकृत्या न बघता काढायच्या आणि नावं द्यायची. वनस्पतींचे धडे मुलं शेवटाला ठेवतात आणि तिथंच मार्क गमावतात, तेव्हा ते प्राण्यांच्या धड्यांसोबत आलटून पालटून घ्या.

६. टेस्ट देणं आणि टेस्ट वाचणं

मॉक टेस्टचा खरा उपयोग टेस्ट झाल्यावर सुरू होतो. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढं कारण लिहा: माहीत नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न चुकीचा वाचला, आकडेमोड चुकली, की अंदाज मारला. पाच-सहा टेस्टनंतर त्या वहीत तुमचा स्वतःचा नमुना दिसायला लागतो. ज्याचे मार्क आकडेमोडीत जातात त्याला आणखी एक क्लास लावून उपयोग नाही, त्याला रोज वीस गणितं हातानं सोडवायला हवीत.

दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले तर प्रश्न सोडवा. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर तिथं मिनिटं घालवू नका. टेस्ट दुपारी २ ते ५ याच वेळेत द्या, कारण खरी परीक्षा त्याच वेळेला असते आणि जेवणानंतरची सुस्ती ही खरी अडचण आहे. ओएमआरवर (गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर) गोल भरायला लागणारा वेळ धरून सराव करा. नुसत्या मोबाइलवर टेस्ट देणाऱ्यांना हा वेळ लक्षातच येत नाही.

मागच्या वर्षीच्या कट ऑफवर लक्ष्य ठरवू नका. २०२४ ला पूर्ण ७२० मिळवणारे होते, २०२५ ला देशात पहिला आलेल्याला ६८६ होते. खुल्या गटाची पात्रतेची रेषा १६२ वरून १४४ वर आली. पेपर अवघड निघाला की सगळ्यांचेच मार्क उतरतात आणि जागा रँकवर मिळते. टेस्टमध्येसुद्धा आपला क्रमांक वर जातोय का, एवढंच बघा.

७. क्लास, लातूर, कोटा आणि फुकटच्या सोयी

लातूरला जावं का, हा प्रश्न मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात येतो. लातूरचा फायदा वातावरणाचा आहे. आजूबाजूला सगळेच अभ्यास करणारे, खाणावळ ते झेरॉक्सवाला सगळे त्या वेळापत्रकावर चालणारे. तोटा असा की ज्याला एकटं राहायची सवय नाही ते मूल गर्दीत हरवतं आणि घरी सांगत नाही. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: बॅचमध्ये किती मुलं, शंका सोडवायला वेगळा वेळ आहे का, मध्येच सोडलं तर किती फी परत. उत्तर लेखी घ्या.

राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा राज्याबाहेर कुठंही क्लासला जाणार असाल तर हे नीट वाचा. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी (सरकारी कॉलेजांतल्या, राज्यातल्या मुलांसाठीच्या जागांसाठी) दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, सोबत अधिवास प्रमाणपत्र. तिकडच्या शाळेत नाव घालून बारावी केली तर काही ठरावीक अपवाद, म्हणजे केंद्र सरकारी किंवा संरक्षण दलातल्या कर्मचाऱ्यांची मुलं वगैरे, सोडले तर राज्य कोट्यातला हक्क जातो. शिकायला कुठंही जा, बारावीचा फॉर्म मात्र इथल्याच कॉलेजातून भरा. गोव्यातल्या मुलांचे नियम वेगळे आहेत, तिथले प्रवेश गोव्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होतात. कर्नाटकच्या सीमाभागातल्या वादग्रस्त ८६५ गावांमधल्या मराठी भाषक मुलांसाठी महाराष्ट्रात वेगळ्या जागा असतात, त्यासाठीची प्रमाणपत्रं लवकर काढा.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. नागपूरची ‘महाज्योती’ ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नीटचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण, टॅबलेट आणि इंटरनेट डेटा देते. दहावीच्या निकालानंतर जाहिरात येते, तेव्हा लक्ष ठेवा. आदिवासी आणि गरीब घरांतल्या मुलांसाठी ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ ही पुण्यात मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली संस्था मोफत शिकवते. एनसीईआरटीची सगळी पुस्तकं फुकट डाउनलोड होतात.

८. कागदपत्रांची फाईल अकरावीतच उघडा

अभ्यासाइतकंच हे महत्त्वाचं आहे. रँक असूनही कागदासाठी जागा हुकलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ते नुकसान पूर्ण टाळता येण्यासारखं असतं.

सगळ्यांना लागणारे कागद:

- दहावीचं गुणपत्रक आणि प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी)
- बारावीचं गुणपत्रक
- शाळा सोडल्याचा दाखला
- वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र (सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून)
- आधार कार्ड
- नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड
- ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
- पासपोर्ट फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, एकाच वेळी काढलेले भरपूर
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र

आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, आणि एससी-एसटी सोडून इतरांना नॉन क्रीमीलेयर. आर्थिक दुर्बल घटकासाठी त्या वर्षाचं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र.

सगळ्यांत जास्त वेळ खाते ती व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. अर्ज ज्युनिअर कॉलेजच्या पत्रासह जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे जातो. वडिलांचा, आजोबांचा शाळेतला जुना निर्गम उतारा, महसुली नोंदी, रक्ताच्या नात्यातल्या कुणाची व्हॅलिडिटी असेल तर ती, असं सगळं जोडावं लागतं. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर गावच्या जुन्या नोंदी शोधण्यात महिने जातात. एखाद्या कागदावर आडनावाची वेलांटी वेगळी असली तरी त्रुटी निघते. अकरावीच्या पहिल्या सत्रातच अर्ज टाका. अनुसूचित जमातींसाठी समित्या वेगळ्या आहेत, तिथं तर आणखी आधी.

दुसरी अडचण अशी की राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं, पण १५ टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. तहसीलला गेलात की दोन्ही नमुने एकदमच मागा.

मुलींसाठी एक. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून माफ आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला ताजा ठेवा.

९. अर्ज भरताना

नाव दहावीच्या गुणपत्रकावर आहे तसंच. आपल्याकडे गुणपत्रकावर आडनाव आधी येतं आणि आधारवर शेवटी, शिवाय स्पेलिंगमध्ये एखादं ‘ए’ कमी-जास्त असतं. आधार आधीच दुरुस्त करून घ्या. मोबाइल नंबर आणि ईमेल आपले स्वतःचे द्या, नेट कॅफेवाल्याचे कधीही नाही, कारण प्रवेशाच्या शेवटच्या फेरीपर्यंत ओटीपी तिथंच येतात. प्रवर्ग भरताना राज्याचा आणि केंद्राचा प्रवर्ग वेगळा असू शकतो, तेव्हा केंद्राची यादी बघूनच भरा. वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण असावं. वयाची वरची मर्यादा आणि प्रयत्नांची मर्यादा नाही.

आणि नीटचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर १५ टक्क्यांसाठी एमसीसीकडे (केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे) आणि ८५ टक्क्यांसाठी राज्याच्या सीईटी सेलकडे (प्रवेश परीक्षा कक्षाकडे) अशी दोन वेगळी नोंदणी करावी लागते. नीटचा निकाल लागला की कॉलेज आपोआप कळेल असं समजून बसलेली घरं दरवर्षी भेटतात.

१०. परीक्षेच्या दिवशी

केंद्र आदल्या दिवशी बघून या. गेट दीड वाजता बंद होतं, नंतर कुणालाही सोडत नाहीत. अर्ध्या बाह्यांचे हलके कपडे, चप्पल किंवा सँडल, दागिने घरी. प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र, फोटो. पेन तिथंच मिळतं.

११. रिपीट करायचं का

हा प्रश्न निकालाच्या आठवड्यात ठरवू नका. टेस्टची वही काढा. चुका मुख्यतः न झालेल्या अभ्यासामुळे असतील, म्हणजे दोन-चार युनिट पूर्ण राहिली, बोर्डामुळे वेळ मिळाला नाही, तर रिपीटचं वर्ष खूप देऊन जातं. माझं तसंच झालं, आणि त्या वर्षात जे शांतपणे वाचलं त्यावर माझं पहिलं वर्ष निभावलं. पण अभ्यास पूर्ण होऊन, भरपूर टेस्ट देऊन मार्क एकाच जागी असतील, तर तेच क्लास, तीच पुस्तकं, तेच वेळापत्रक घेऊन आणखी एक वर्ष बसण्यात अर्थ नाही. पद्धत बदलणार असाल तरच बसा. तिसऱ्यांदा बसणाऱ्यांना मी मोकळेपणानं सांगते की सोबत एखादा प्रवेश हातात ठेवा.

बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी हे नीटच्याच मार्कांवर आहेत. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तिचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. कोर्स निवडताना त्याच कोर्सच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांशी बोला.

रिपीटच्या वर्षात मुलं बोलायची बंद होतात. पालकांनो, रोज मार्क विचारू नका, रोज जेवलास का एवढं विचारा. झोप उडणं, सतत रडू येणं, ‘माझ्याच्यानं होणार नाही’ असं वारंवार म्हणणं याकडे कानाडोळा करू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

१२. निकाल आणि कॉलेज यांच्या मधले महिने

कॉलेज सुरू व्हायला बरेच आठवडे जातात. या काळात जाडजूड ॲनाटॉमी विकत घेऊन वाचत बसू नका, प्रेताशिवाय आणि हाडं हातात धरल्याशिवाय ती डोक्यात शिरत नाही. त्याऐवजी अकरावीचे मानवी शरीराचे धडे पुन्हा एकदा वाचा, इंग्रजीत तोंडानं उत्तर द्यायचा सराव करा, स्वतःचे कपडे धुणं आणि महिन्याचा खर्च लिहिणं शिकून घ्या. हाडांचा सेट, ॲप्रन आणि पहिल्या वर्षाची पुस्तकं सिनिअरकडून अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात, तेव्हा होस्टेलला पोचून दोन-तीन जणांना विचारल्याशिवाय दुकानात जाऊ नका.